गोळी पुढे, धूर मागे: कागदी काडतुसाची शार्प्स रायफल आजही चालवणाऱ्यांची जुनी डोकेदुखी

कोकणात ठासणीची बंदूक कुणाला नवी नाही. रानडुक्कर आणि वानरांपासून शेती वाचवायला तिथल्या कित्येक शेतकऱ्यांकडे परवान्याची बंदूक असते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी किंवा छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, मागे केप लावायची आणि मग बार काढायचा. हे सगळं उभ्याने करावं लागतं आणि वेळही जातो. पहिला बार फुकट गेला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या वाडीत पोचलेलं असतं.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जगभरातल्या सैन्यांची हीच तक्रार होती, फक्त समोर डुक्कर नसून शत्रू असायचा. सराईत शिपाई ठासणीच्या बंदुकीतून मिनिटाला फार तर तीन बार काढायचा, आणि तेही उभं राहून, समोरच्याला पूर्ण दिसत.

मग बंदूक पुढून भरण्याऐवजी मागून भरली तर?

कल्पना सोपी वाटते. पण नळीचं मागचं तोंड उघडायची सोय केली की ते परत घट्ट बंद करणं आलं. दारू पेटल्यावर तयार होणारा गरम वायू गोळीला पुढे ढकलतो तसाच मागेही ढकलतो. मागे जरा फट राहिली तर तो थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. आज पितळेचं काडतूस ही फट बंद करतं. त्याआधी मात्र काडतूस कागदाचं असायचं आणि कागद काहीच अडवत नाही, तो जळून जातो.

या अडचणीवर 19व्या शतकात अनेकांनी डोकं चालवलं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे अमेरिकेतली शार्प्स रायफल. गंमत म्हणजे या रायफली आजही नव्याने बनतात, लोक त्या विकत घेतात, स्वतः कागदाची काडतुसं वळतात आणि शनिवार-रविवार रेंजवर जाऊन वाजवतात. आणि 1860च्या शिपायाला जो त्रास व्हायचा, तोच त्रास पैसे मोजून घेतात.

काडतूस दाताने का फोडायचे?

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. सुरुवातीला त्याचा अर्थ कागदाची एक पुडी इतकाच होता. एका बारापुरती मोजलेली दारू आणि एक शिशाची गोळी त्या पुडीत बांधलेली असायची. शिपाई पुडीचं टोक दाताने फोडायचा, दारू नळीत ओतायचा आणि गोळी वरून ठासायचा.

1857 साली ज्या काडतुसांवरून वणवा पेटला ती अशीच होती. एनफिल्ड रायफल पुढून भरायची होती आणि तिच्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावलेली असल्याची बातमी शिपायांमध्ये पसरली. हा इतिहास सगळ्यांना पाठ असतो. पण मुळात चरबी लावायचीच कशाला, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्याचं कारण काळ्या दारूत आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं हे मिश्रण जळलं की वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू न होता राख, मीठ आणि काजळी बनून उरतो. त्यातला काही धुराबरोबर उडतो, बाकीचा नळीत चिकटतो. हा थर सुकला की दगडासारखा होतो आणि पुढची गोळी आत जाईना होते. चरबी किंवा मेण असलं की तो मऊ राहतो. असंतोष वाढल्यावर इंग्रजांनी शिपायांना स्वतःच्या पसंतीचं वंगण लावायची मुभा दिली होती, पण तोवर विश्वास संपला होता. आजचे हौशी नेमबाजही गोळीला वंगण लावतात. मधमाशांचं मेण आणि मेंढीची चरबी, किंवा मेण आणि ऑलिव्ह तेल, हे त्यांचं नेहमीचं मिश्रण.

शार्प्सने काय वेगळं केलं?

ख्रिश्चन शार्प्स हा हार्पर्स फेरी इथल्या अमेरिकी सरकारी शस्त्र कारखान्यात काम केलेला कारागीर. 1848 साली त्याने पेटंट घेतलं. त्याच्या रायफलीत नळीच्या मागे पोलादाचा एक जाड ठोकळा असतो. चापाभोवतीचं कडं हाच लिव्हर. तो खाली ओढला की ठोकळा सरळ खाली सरकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. त्यात काडतूस सरकवायचं आणि लिव्हर वर घ्यायचा.

खरी करामत यानंतरची. वर येताना ठोकळ्याची धार काडतुसाचं शेपूट कापते. आतली दारू उघडी पडते आणि केपची ठिणगी तिच्यापर्यंत पोचायला वाट मिळते. दाताने काही फोडायची गरजच उरत नाही. गज नको, उभं राहायला नको. जमिनीवर पालथं पडून किंवा घोड्यावर बसूनही बंदूक भरता येते. वेग मिनिटाला आठ ते दहा बार.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे 1861 ते 1865 या काळात, उत्तरेच्या घोडदळाकडे शार्प्सची आखूड आवृत्ती हजारोंनी होती. हायरम बर्डन या अधिकाऱ्याच्या निवडक नेमबाजांच्या पलटणींनी लांब नळीच्या शार्प्स मागून घेतल्या. त्याआधी 1859 मध्ये गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीवर छापा घातला, तेव्हा त्याच्या माणसांकडेही शार्प्सच होत्या. ज्या गावच्या कारखान्यात शार्प्सने काम केलं, त्याच कारखान्यावर त्याच्या बंदुका चालून गेल्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शार्पशूटर हा शब्द शार्प्स रायफलीवरून आला, असं सोशल मीडियावर नेहमी फिरतं. ते खरं नाही. हा शब्द जर्मन भाषेतल्या नेमबाजांच्या नावावरून इंग्रजीत आला आणि तो शार्प्सच्या पेटंटपेक्षा कितीतरी जुना आहे.

आणि फट?

फट राहिलीच. पोलादाचा ठोकळा पोलादाच्या नळीला घासत वर यायचा तर दोघांमध्ये थोडी जागा ठेवावीच लागते. ती नसेल तर ठोकळा हलणार नाही, ती असेल तर वायू निसटणार. सुरुवातीच्या शार्प्समधून ठोकळ्याच्या वरच्या बाजूने आगीची जीभ बाहेर यायची.

कंपनीतल्या रिचर्ड लॉरेन्सने 1859 साली यावर तोडगा काढला. ठोकळ्याच्या तोंडावर त्याने एक सैल चकती बसवली. बार झाला की वायूच्या दाबानेच ती पुढे सरकते आणि नळीच्या कडेवर दाबून बसते. म्हणजे जो वायू निसटू पाहतो तोच स्वतःची वाट बंद करतो. डोकं चांगलं चाललं होतं, पण चकती सरकती राहिली तरच. काजळीने ती जाम झाली की परिस्थिती पुन्हा पहिल्यासारखी.

युरोपातही हाच झगडा चालू होता. प्रशियाची ड्रायझे रायफल 1841 मध्येच स्वीकारली गेली होती. तिच्यात लांब सुई कागद आणि दारू भेदून आतल्या स्फोटक टिकलीवर आपटायची. 1866 मध्ये क्योनिगग्रेट्सच्या लढाईत प्रशियन शिपाई आडवे पडून भरत होते आणि ऑस्ट्रियन शिपाई उभे राहून ठासत होते. निकाल काय लागला ते सांगायला नको. पण ड्रायझेही मागून गळायची, इतकी की ती गालाला न लावता कमरेवरून चालवणं शिपायांना बरं वाटायचं.

त्याच वर्षी फ्रान्सने शास्पो रायफल आणली. तिच्यात फट बंद करायला रबराची कडी होती. 1870च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात पल्ल्याच्या बाबतीत ती ड्रायझेपेक्षा खूपच सरस ठरली. पण रबर ते रबरच, उष्णतेने ते कडक व्हायचं, चिरायचं आणि बदलावं लागायचं.

शेवटी जिंकलं ते पितळ. पितळेचं काडतूस बार होताना फुगतं, चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि दाब उतरला की परत आकसतं. प्रत्येक बाराला नवी, ताजी सील मिळते. युद्धानंतर अमेरिकी सरकारने सुमारे 30 हजार शार्प्स धातूच्या काडतुसासाठी बदलून घेतल्या. 1874 मध्ये फ्रान्सनेही शास्पोच्या जागी धातूच्या काडतुसाची ग्रा रायफल घेतली. 'क्विगली डाऊन अंडर' या 1990 च्या सिनेमात दिसणारी प्रसिद्ध शार्प्सही धातूच्या काडतुसाचीच आहे.

मग या रायफली आज कोण बनवतं?

शार्प्सची नक्कल युद्ध चालू असतानाच सुरू झाली होती. दक्षिणेच्या रिचमंड शहरात शत्रूच्याच बंदुकीच्या प्रती काढल्या गेल्या. आजच्या प्रतिकृतींचा धंदा मात्र 1950च्या दशकाअखेरीचा. 1961 पासून यादवी युद्धाची शताब्दी साजरी होणार होती आणि जुन्या बंदुका हव्या असणाऱ्यांची संख्या वाढत होती. अमेरिकी व्यापाऱ्यांनी इटली गाठली. ब्रेशाजवळचं गार्दोने व्हाल त्रोम्पिया हे गाव शेकडो वर्षं बंदुका घडवत आलेलं आहे. पेदेर्सोली, कियाप्पा अशा ब्रेशा भागातल्या कंपन्या आजही शार्प्स बनवतात. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बिग टिंबर या छोट्या गावात शायलो कंपनी 1863च्या नमुन्याची शार्प्स बनवते.

घेणारे बहुतेक स्पर्धक किंवा इतिहासवेडे. नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन ही 1950 साली सुरू झालेली अमेरिकी संस्था यादवी युद्धाच्या काळातल्या शस्त्रांच्या सांघिक स्पर्धा भरवते. व्हर्जिनियातल्या विंचेस्टरजवळ तिची स्वतःची रेंज आहे. स्पर्धक जुने गणवेश घालून मातीच्या चकत्या फोडतात आणि घड्याळ चालू असतं. अशा ठिकाणी मागून भरणारी बंदूक अडकली की सगळा संघ मागे पडतो.

बहुतेक प्रतिकृती पॉइंट 54 इंच, म्हणजे साधारण पावणेचौदा मिलिमीटर व्यासाच्या असतात. बाहेरून त्या मूळ बंदुकीसारख्या हुबेहूब दिसतात. आत मात्र फरक असू शकतो, आणि नेमका तो वायू अडवण्याच्या जागीच असतो. काही प्रतिकृतींमध्ये ती चकती किंवा चेंबरमधली बाही घट्ट बसवलेली असते, सरकतच नाही. मग दहा-पंधरा बारांत काजळी भरते आणि लिव्हर दोन्ही हातांनी ओढावा लागतो. जाणकार घेतानाच ही जागा बघतात. बरेच जण नंतर कारागिराकडून बाही नीट घासून बसवून घेतात किंवा तिच्यामागे उष्णता सोसणारी रबरी कडी घालतात. शास्पोचं रबर असं वेगळ्या दाराने परत आलं.

पुडी वळायची कला

कागदी काडतुसं सहसा तयार मिळत नाहीत, घरीच वळावी लागतात. त्यासाठी गोल लाकडी दांडी, पातळ कागद, थोडा गोंद आणि भरपूर सबुरी लागते. कागद कोणता यावर हौशी लोकांचे वाद कधी संपत नाहीत. सिगारेटचा कागद काहींना आवडतो. अनेकांची पसंती पार्लरमध्ये केस कुरळे करताना वापरतात त्या झिरझिरीत कागदाला. काही जण कागद सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात, म्हणजे तो झटकन आणि पूर्ण जळतो. गोळीच्या मागच्या टोकाला खाच असलेले साचे मिळतात. कागदाची नळी तिथे दोऱ्याने बांधली की पुडी तयार.

मूळ लष्करी काडतुसात 60 ग्रेनच्या आसपास, म्हणजे साधारण 4 ग्रॅम दारू असायची. गोळी पंचवीस-तीस ग्रॅमची. आजच्या प्रतिकृतीत किती दारू घालायची ते बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि तेच मानायचं असतं. त्यात एक नियम कधीच मोडायचा नाही: आधुनिक बिनधुराची दारू या बंदुकीत चिमूटभरही नको. तिचा दाब कितीतरी जास्त असतो आणि ही बंदूक तो सोसण्यासाठी बनलेली नाही.

काळ्या दारूला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीही इथे कुरकुरतात. त्या पेटायला जास्त उष्णता लागते. केपची ठिणगी ठोकळ्यातल्या वाकड्या बोगद्यातून वळणं घेत येते आणि तोवर तिची धग कमी झालेली असते.

पुडीची लांबी हा मोठा वादाचा मुद्दा. जुन्या पद्धतीत ठोकळ्याने शेपूट कापायचं. दिसायला झकास, पण कापताना दारूचे दाणे ठोकळ्यावर आणि फटींत सांडतात, आणि पुढच्या बाराला तेच भडकतात. म्हणून आज बरेच जण काडतूस चेंबरमध्ये नेमकं मावेल इतकं आखूड ठेवतात आणि मागे पातळ, सोरा लावलेला कागद देतात, तो न कापताही ठिणगीने जळतो. लष्करानेही पुढेपुढे असाच कागद वापरायला सुरुवात केली होती. जुनं तेच खरं म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की ते जरा गप्प होतात.

रेंजवर

शार्प्स चालवणारा डोळ्यांवर चष्मा घालतोच. तो सगळ्याच बंदुकांसाठी लागतो, पण इथे कारण समोर दिसतं, ठोकळ्याच्या वरून निघणारा धूर. शेजारी उभ्या असलेल्यालाही तो लागू शकतो. डावा हात ठोकळ्यापासून लांब, पुढच्या लाकडावर ठेवायचा.

दुसरा धोका न दिसणारा. कागद नीट जळला नाही तर त्याचा धुमसता तुकडा चेंबरमध्ये राहू शकतो. त्यावर नवी पुडी सरकवली तर ठोकळा बंद व्हायच्या आधीच ती पेटेल. म्हणून प्रत्येक बारानंतर लिव्हर उघडून आत बघायचं, काही सेकंद जाऊ द्यायचे आणि गरज पडली तर ओलसर चिंधी फिरवायची. घाईत हेच राहून जातं. केप कायम सगळ्यात शेवटी, ठोकळा बंद झाल्यावर आणि नळी निशाण्याकडे असतानाच लावायची.

केप वाजली आणि बार झाला नाही तर? लिव्हरला हात लावायचा नाही. नळी निशाण्याकडे रोखून निदान मिनिटभर थांबायचं, कारण दारू कधीकधी उशिरा पेटते. बहुतेक वेळा दोष बोगद्यात साठलेल्या काजळीचा असतो. ठोकळ्याच्या बाजूला त्यासाठीच एक छोटा स्क्रू दिलेला असतो. तो काढला की बोगदा साफ करता येतो. नवशिक्यांना हा स्क्रू आहे हेच माहीत नसतं आणि ते केप बदलत बसतात.

लिव्हर जड व्हायला लागला की हातोडी आठवते, पण ती विसरायची. ठोकळ्यावर थोडं पाणी किंवा साबणाचे थेंब टाकून दोन-चारदा वरखाली केलं की तो सुटतो. अनुभवी लोक सुरुवातीलाच ठोकळ्याला आणि चकतीला मेण-चरबीचा हात फिरवतात.

भारतात ही हौस करायची तर शस्त्र कायदा 1959 आडवा येतो. ठासणीची असो वा मागून भरायची, परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा गुन्हा आहे आणि दारू बनवणं, साठवणं याला स्फोटकांचे वेगळे कायदे लागू होतात. अमेरिकेत 1968च्या संघीय कायद्याने 1898 पर्यंतच्या बंदुकांना आणि आधुनिक काडतूस न घेणाऱ्या त्यांच्या प्रतिकृतींना बऱ्याच नियमांतून सूट दिली. तिथे हा छंद फोफावला, त्यात या सवलतीचा वाटा मोठा आहे. तरीही राज्याराज्यांत नियम बदलतात.

घरी आल्यावर

खरं काम इथे सुरू होतं. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी शोषते. त्यातल्या क्षारांना ओल मिळाली की पोलाद गंजायला लागतं. दमट हवेत एक रात्र पुरते. दमून आल्यावर 'उद्या करू' म्हणणाऱ्याची नळी दुसऱ्या दिवशी तांबूस झालेली असते आणि एकदा पडलेले खड्डे भरून येत नाहीत.

या काजळीवर सगळ्यात चांगलं औषध म्हणजे साधं पाणी. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. शार्प्सची इथे मोठी सोय आहे. उजव्या बाजूच्या पिनचा छोटा खटका फिरवून पिन ओढली की लिव्हरसकट ठोकळा खाली हातात येतो, अवजार लागत नाही. मग नळी मागून पुढे आरपार साफ करता येते. ठासणीच्या बंदुकीत गज तोंडातूनच घालावा लागतो आणि मळ खाली साठतो, तो त्रास इथे नाही.

ठोकळा कोमट साबणाच्या पाण्यात टाकायचा, चकती काढून तिच्यामागची काजळी घासायची, निपल उघडायचं, बोगद्यातून पाणी जाऊ द्यायचं. दस्त्याच्या लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही. नळीतून ओल्या चिंध्या फिरवायच्या, त्या आधी काळ्या येतात, मग राखाडी, मग पांढऱ्या. नंतर कोरड्या चिंध्या, आणि सगळं हाताला कोरडं लागेपर्यंत थांबणं. घाईघाईत ओल्यावरच तेल चोपडलं तर ओल आत कोंडली जाते.

तेल कोणतं यावर एक जुना अनुभव आहे. खनिज तेल काळ्या दारूच्या काजळीत मिसळलं की डांबरासारखा चिकट थर होतो. म्हणून बंदूक चालवायच्या दिवसांत मेण, चरबी किंवा वनस्पती तेलाचं वंगण वापरतात. खनिज तेल कपाटात ठेवताना चालतं, पण रेंजवर जायच्या आधी ते पुसून काढावं लागतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणखी एक पांढरी चिंधी नळीतून ओढायची. ती विटकरी निघाली तर आदल्या दिवशी कुठेतरी ओल राहिली होती, आणि पाण्याची बादली पुन्हा भरावी लागते.